‘मॉडेल कितीचं?’ : पिंपरीच्या इंडिकाने शिकवलेला प्रश्न



या व्याख्यानमालेत आपण आपल्या गावच्या कारखान्यांबद्दल बरंच बोललो आहोत. आजचा विषय जरा घरगुती आहे. जुनी छोटी गाडी घ्यायला निघालं की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? रंग नाही, किंमतही नाही. ‘मॉडेल कितीचं?’ आणि समोरचा सांगतो, ‘दोन हजार दहाचं आहे, सिंगल ओनर.’ या एका आकड्यावर अर्धा सौदा ठरतो. हा आकडा नेमकं काय सांगतो आणि त्याला एवढं वजन कधीपासून आलं, हे आज पाहू.

सुरुवात आमच्याच फजितीने करतो. २०१३ साली आमच्या घरी पहिली चारचाकी आली. पैसे वडिलांच्या ग्रॅच्युइटीतले, म्हणजे चुकायला वाव नाही. काळेवाडीच्या बाजूला एका विक्रेत्याकडे एक छोटी पेट्रोल गाडी पाहिली. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष तिचा नव्हताच. ‘दहाचं मॉडेल’ असं सांगितलं गेलं. आरसी बुकवर पासिंग फेब्रुवारी २०१० चं, एमएच-१४. आम्ही खूश. सहा महिन्यांनी स्टिअरिंगचं काम निघालं. मेकॅनिकने नवा भाग मागवला, तो बसेना. मग त्यांनी आरसी बुक मागितलं, चष्मा लावून वाचलं आणि वडिलांना म्हणाले, ‘काका, गाडी दहाची नाही. नवाच्या मे महिन्यात बनलेली आहे. तेव्हा हा भाग वेगळा यायचा, नंतर कंपनीने बदलला.’

गंमत अशी की आमच्याशी कुणीच खोटं बोललं नव्हतं. पासिंग दहाचंच होतं. बनल्याचा महिना आणि वर्षही त्याच कागदावर छापलेलं होतं. आम्ही प्रश्न चुकीचा विचारला होता. आम्हाला वाटायचं की साल म्हणजे गाडीचं वय. मेकॅनिकच्या लेखी साल म्हणजे, ही गाडी बनली तेव्हा कारखान्याला किती कळलेलं होतं. आजचं सगळं बोलणं या दोन अर्थांमधल्या फरकाबद्दल आहे.

आता थोडं मागे जाऊ.

‘मॉडेल इयर’ ही कल्पना अमेरिकेतली. हेन्री फोर्डने ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ ते १९२७ अशी जवळपास वीस वर्षं बनवली. त्याला उत्तर म्हणून जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायची प्रथा रुजवली. हेतू उघड होता. शेजाऱ्याची गाडी यंदाची दिसली की आपली जुनी वाटली पाहिजे. म्हणजे मॉडेल इयर जन्माला आलं ते विक्रीच्या सोयीसाठी. गाडीच्या टिकाऊपणाशी त्याचा संबंध नंतर जुळला.

आपल्याकडे ही गोष्ट बरीच उशिरा आली. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात फियाट बनायची. १९६४ ला ‘अकराशे डिलाइट’ आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव ‘पद्मिनी’ झालं आणि मूळ धाटणी फारशी न बदलता ती शतक संपेपर्यंत निघत राहिली. अँबेसिडर तर १९५७-५८ च्या सुमाराला सुरू झाली ती २०१४ पर्यंत चालली. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. त्यामुळे कधी कधी हातातली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची, वर ‘ऑन’चे पैसे द्यायचे. अशा काळात सत्तरची फियाट आणि पंच्याहत्तरची फियाट यांत फरक असायचा तो वापराचा. मालक कोण, ड्रायव्हर कोण, गाडी पावसात उभी राहायची की शेडमध्ये. ‘डॉक्टरची गाडी आहे’ या वाक्याला किंमत यायची ती त्यामुळेच. कारखाना शिकत नव्हता, किंवा शिकलेलं गाडीत फारसं उतरत नव्हतं, म्हणून साल म्हणजे फक्त वय होतं.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि १९८६ ला तिचं रूपच पालटलं. तेव्हा लोक पहिल्यांदा ‘जुन्या शेपची’ आणि ‘नव्या शेपची’ असं म्हणायला लागले. पण ती गाडी जपानमध्ये आधीच तावून सुलाखून आलेली होती. तिच्या चुका दुसऱ्या देशात होऊन गेल्या होत्या. आपल्या डोळ्यांसमोर एक कारखाना गाडी बनवायला शिकतोय, चुकतोय, दुरुस्त करतोय, हे दृश्य दिसलं ते पिंपरीत.

टेल्कोचा पिंपरीतला कारभार १९६६ चा. सुमंत मुळगावकर यांनी इथे ट्रकच्या कारखान्याबरोबर साचे आणि हत्यारं बनवण्याची, संशोधनाची, कामगार घडवण्याची सोय उभी केली. त्यातून भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या एमआयडीसीत शेकडो लहान कारखाने वाढले. प्रेस शॉप, फाउंड्री, रबराचे भाग, वायरिंग. १९९१ ला सिएरा आली, १९९४ ला सुमो. पण या गाड्यांचा पिंड ट्रकच्या घरातलाच होता. छोटी प्रवासी गाडी हा वेगळा खेळ. तिथे मिलिमीटरचा फरक गिऱ्हाइकाच्या कानाला ऐकू येतो.

रतन टाटांनी त्या गाडीचं सूत्र सांगितलं होतं ते पुष्कळांना आठवत असेल : आकार मारुती झेनचा, आत जागा अँबेसिडरएवढी, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि चालवायचा खर्च डिझेलचा. गाडीचं रूप इटलीतल्या तुरिन इथल्या ‘आयडिया’ या संस्थेबरोबर ठरलं, इंजिनासाठी एका फ्रेंच संस्थेची मदत झाली, बाकी काम इथल्या अभियंत्यांचं. आणि आजच्या विषयाला अगदी साजेशी एक गोष्ट ऐका. गाडी जोडायची असेंब्ली लाइन टेल्कोने जुनी विकत घेतली! निस्सान कंपनीने ऑस्ट्रेलियातला कारखाना बंद केला होता. तिथली लाइन सुटी करून जहाजाने आणली आणि पिंपरीत पुन्हा उभी केली. म्हणजे देशाची पहिली स्वतःची म्हणवणारी छोटी गाडी सेकंडहँड लाइनवर तयार झाली. आपण काय घेतोय हे नीट तपासलं, तर जुनी वस्तू मोठ्या कामाला येते, एवढं यातून लक्षात ठेवू.

जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत इंडिका लोकांना दाखवली गेली. ३० डिसेंबर १९९८ ला ती बाजारात आली. एक लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. पिंपरी-चिंचवडमध्ये तर हा घरचा सोहळाच होता. घराघरात कुणीतरी ‘टेल्कोत’ होतं, नाहीतर टेल्कोला माल पुरवणाऱ्या शॉपमध्ये होतं. रस्त्यावर इंडिका दिसली की ‘हिचा अमुक भाग आमच्याकडे होतो’ असं सांगणारा माणूस सोबत असायचाच.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. आवाज, हादरे, सस्पेन्शन, जोडणीतला सैलपणा, काही सुट्या भागांचा दर्जा. त्यातच नियमही पळत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दिल्ली परिसरात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ लागू झालं. नवा कारखाना एकीकडे गाडीच्या चुका निस्तरतोय आणि दुसरीकडे इंजिन नव्या नियमांत बसवतोय, अशी स्थिती. २०००-०१ या वर्षात टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. त्यात ट्रकच्या घसरलेल्या मागणीचाही वाटा मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण चर्चा झाली ती इंडिकाचीच. ट्रकवाल्यांनी छोट्या गाडीच्या नादाला लागायला नको होतं, असं बोललं जाऊ लागलं.

कंपनीने तक्रारी गोळा केल्या, गावोगाव शिबिरं घेऊन विकलेल्या गाड्यांचे भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली ‘इंडिका व्ही-टू’ आणली. बाहेरून पाहणाऱ्याला तीच गाडी. पण लोकांचं मत बदललं आणि पुढे ती गाडी इतकी रुळली की टॅक्सीवाल्यांची पहिली पसंती झाली. २००३ पासून दोनेक वर्षं ती ब्रिटनमध्ये ‘सिटीरोव्हर’ नावाने विकलीही गेली. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

आता बघा, ‘मॉडेल कितीचं?’ या प्रश्नाला इथे नवा अर्थ आला. ९९ ची इंडिका आणि २००१ ची व्ही-टू यांच्या वयात फरक दोन वर्षांचा. पण त्या दोन वर्षांत कारखाना जे शिकला, ते एका गाडीत नव्हतं आणि दुसऱ्या गाडीत होतं. आपल्याकडची माणसं मग सरळ विचारू लागली, ‘व्ही-टू आहे ना? मग बघू.’

पण हे ज्ञान साठवलं कुठे? जर्मनीत गाड्यांची सक्तीची तपासणी होते आणि तिचे निकाल ‘टीयूव्ही रिपोर्ट’ म्हणून दरवर्षी मॉडेल आणि वयोगटाप्रमाणे छापले जातात. अमेरिकेत ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे नियतकालिक वाचकांकडून त्यांच्या गाड्यांच्या तक्रारी मागवतं आणि कोणत्या सालच्या मॉडेलचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक कसे निघाले याचे तक्ते देतं. तिथला सामान्य माणूस तक्ता उघडून बघतो, अमुक सालचं घ्यायचं नाही, त्याच्या पुढच्या सालचं चालेल.

आपल्याकडे जुनी गाडी घेणाऱ्याच्या हाती असा तक्ता कधी आला नाही. विकलेल्या गाड्या दोष दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची, संहिता वाहन उद्योगाच्या संघटनेने २०१२ मध्ये केली, तीही ऐच्छिक. कायद्यात रिकॉलची तरतूद आली ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने. त्याआधी कोणत्या महिन्यापर्यंतच्या गाड्यांत कोणता दोष होता, ही नोंद कंपनीच्या कपाटात आणि मेकॅनिकच्या डोक्यात. आमच्या मेकॅनिकने चष्मा लावून आरसी वाचली, तेव्हा तो हा न छापलेला तक्ताच उघडत होता. आपल्या पट्ट्यात तर दुहेरी सोय. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याचा भाऊ नाहीतर मेहुणा कुठल्यातरी शॉपमध्ये. ‘अमुक महिन्यापासून तो ब्रॅकेट बदलला’ ही बातमी गेटबाहेर चहाच्या टपरीवर आधी पोचायची. पण अशा ज्ञानाची अडचण ही की ते ओळखीच्या माणसालाच मिळतं. ज्याचा मेहुणा शॉपमध्ये नाही, त्याने काय करायचं?

म्हणून साल कसं वाचायचं, ते जरा शिस्तीत बघू. इतिहासाचा अभ्यासक जुना कागद तपासतो तसंच.

पहिली गोष्ट, तारखा दोन असतात. बनल्याची आणि नोंदणीची. दोन्ही आरसीवर असतात. डिसेंबरमध्ये विक्रेते सवलती का देतात? कारण जानेवारी उजाडला की उरलेली गाडी कागदोपत्री एक वर्ष जुनी होते. कारखान्याचं शिकणं समजून घ्यायचं तर बनल्याची तारीख महत्त्वाची. ती चॅसी नंबरमध्येही सांकेतिक रूपात असते. अमेरिकेतल्या प्रचलित पद्धतीत सतरापैकी दहावं अक्षर वर्षाचं. एक्स म्हणजे १९९९, वाय म्हणजे २०००, आकडा १ म्हणजे २००१. आपल्याकडे सगळ्याच कंपन्या तीच जागा वापरतात असं नाही, म्हणून अंदाज न बांधता अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन विचारावं.

दुसरी गोष्ट, एकाच सालात दोन प्रकारच्या गाड्या असू शकतात. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ नियम पुण्यासह १३ शहरांत लागू झाले, देशभर लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. म्हणजे मधल्या काळात एकाच सालची, एकाच नावाची गाडी पुण्यात एका इंजिन-नियमाची आणि दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नियमाची असू शकत होती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. सुरक्षेचंही तसंच. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये ती असेलच असं धरून चालू नका, सीटवर बसून बघा.

तिसरी गोष्ट, कधी कधी अख्खा काळच शंकेच्या घेऱ्यात येतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांचं प्रकरण जगभर गाजलं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या. त्यानंतर कंपनीने २००८ च्या अखेरीपासून नोव्हेंबर २०१५ पर्यंतच्या, तिच्या तीन ब्रँडच्या मिळून सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावत असल्याचं जाहीर केलं. चाकणचा कारखाना आपल्या शेजारचा, म्हणून हे उदाहरण. अशी गाडी घ्यायची तर प्रश्न ‘मॉडेल कितीचं’ एवढ्यावर थांबत नाही. ‘रिकॉलचं काम झालंय का, कागद दाखवा’ इथपर्यंत जावं लागतं.

आणि आता चौथी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साल म्हणजे निकाल नव्हे. ते फक्त कुठे बघायचं ते सांगतं. पुन्हा इंडिकाकडे येऊ. समजा २००८ साली तुमच्यासमोर दोन गाड्या उभ्या होत्या. एक ९९ ची, पहिल्या लॉटमधली. मालक निवृत्त शिक्षक, शिबिरात भाग बदलून घेतलेले, कागदांची फाइल जपलेली. दुसरी २००४ ची व्ही-टू, पण आयुष्य हिंजवडीच्या कंपन्यांची माणसं रात्रंदिवस ने-आण करण्यात गेलेलं. पिवळी पाटी बदलून पांढरी झालेली आणि मीटर मागे फिरवलेला. कारखान्याचं शिकणं दुसऱ्या गाडीत जास्त होतं, यात शंका नाही. तरी घेण्यासारखी गाडी कदाचित पहिलीच. कारखान्याने केलेली चूक दुरुस्त होऊ शकते आणि कारखान्याने केलेली चांगली गोष्ट वापरणारा घालवू शकतो.

इथे एक फसगतही सांगतो. ‘आमच्या मामाची ९९ ची गाडी अजून चालते, तेव्हाचा पत्राच वेगळा होता,’ असं आपण ऐकतो. त्या मामाची चालते, कारण ज्या चालल्या नाहीत त्या भंगारात गेल्या. त्यांच्याबद्दल बोलायला कुणी उरलेलं नाही. जुन्या वाड्यांकडे बघून ‘पूर्वीचे लोक पक्कं बांधायचे’ म्हणतो, तशातलाच हा प्रकार. उरलेल्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधू नये.

मग बघायचं काय? गाडीवरच बारीक तारखा असतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘फक्त पंधरा हजार किलोमीटर’ चाललेल्या गाडीचे चारही टायर तिच्यापेक्षा चार वर्षांनी तरुण असतील, तर मीटरबद्दल विचारा. काचांवर कंपनीची खूण आणि सालाचा संकेत असतो. तीन दारांच्या काचा एका सालच्या आणि चौथी वेगळी, तर ती का बदलली ते विचारा. उत्तर साधंही असेल, पण विचारा. गार इंजिन सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर उद्या सकाळी पुन्हा येतो म्हणा. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडायला सांगा. धूर जोरात बाहेर फेकला जात असेल तर इंजिन ‘बॅक मारतंय’, खर्च मोठा आहे. विम्याचे जुने कागद मागा, क्लेमवरून अपघात कळतो. कर्जाचा बोजा उतरलाय का ते आरसीवर बघा. पाटी पूर्वी पिवळी होती का, तेही विचारा. आणि पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी असेल तर फेरनोंदणीचा खर्च किमतीत धरा. हे सगळं करायला मेहुणा शॉपमध्ये असावा लागत नाही, एक सकाळ मोकळी असावी लागते.

शेवटी एकच सांगायचंय. व्ही-टू चांगली निघाली याचं श्रेय आपण अभियंत्यांना देतो, कामगारांना देतो आणि द्यायलाच हवं. पण तिच्या चांगलेपणाची किंमत ज्यांनी आधी मोजली, ते ९९ चे पहिले ग्राहक. पैसे आगाऊ भरून, वर्कशॉपच्या फेऱ्या मारून त्यांनी ज्या तक्रारी लिहून दिल्या, त्यांतून पुढची गाडी तयार झाली. त्यांत आपल्याच गावची, आपल्याच कारखान्यातली माणसंही होती. आपण आज पुढच्या सालचं मॉडेल शोधतो, तेव्हा त्यांनी सोसलेल्याचाच फायदा घेत असतो. तो फायदा फक्त ओळखीच्यांपुरता राहू नये असं आम्हाला वाटतं. तुमच्या गाडीत काय निघालं, कोणत्या महिन्याच्या बनावटीत निघालं, कधी दुरुस्त झालं, ते फाइलमध्ये लिहून ठेवा आणि गाडी विकताना फाइल पुढच्याच्या हातात द्या. लपवलेल्या दोषाने चार पैसे जास्त मिळतीलही, पण तुमच्यासमोर उभा असलेला माणूस कदाचित वडिलांची ग्रॅच्युइटी घेऊन आलेला असेल.

आमची ती गाडी आम्ही २०१९ ला विकली. घेणाऱ्या मुलाने विचारलं, ‘काका, मॉडेल कितीचं?’ वडील म्हणाले, ‘पासिंग दहाचं, बनलीय नवाच्या मेमध्ये. स्टिअरिंगचा रॅक बदललाय, हे बिल.’ मुलाने दहा हजार कमी केले. वडिलांनी हसून दिले.